लोखंडी झाडावरचं लाल पातेलं

२७ एप्रिल, रविवार
नवी वही. जानेवारीत वर्ष सुरू होतं ते कारकुनांचं. शिल्पकाराचं वर्ष ईस्टर संपल्यावर सुरू होतं. त्याआधी थंडीने बोटं वळत नाहीत, आणि ईस्टरमध्ये दोन्ही हातांत ताट असतं.

संकल्प: शरदात क्लुज शहरात भरणाऱ्या प्रदर्शनासाठी बारा शिल्पं. विषय त्यांनीच दिलाय, 'लोकरीती, लग्न आणि स्त्रीचं नशीब'. जणू माझं नाव घालायचंच तेवढं राहिलं. रोमानियाच्या उत्तरेला, आमच्या इझा नदीच्या खोऱ्यात, लग्नाच्या रीती पोत्याने आहेत. उशीखाली तुळशीची काडी, छपरावर फेकायची फुलांची माळ, दारातल्या झाडावर टांगलेली पातेली. घरात मुलगी लग्नाची असली की झाडाच्या शेंड्याला लाल पातेलं. ठरलं की खाली. सगळ्या रीती आता मेल्या. पोरी नवरे फोनवर शोधतात. मी या रीतींचा मृत्युलेख लोखंडात लिहिणार. (वाक्य चांगलं जमलंय. कॅटलॉगसाठी ठेवणे.)

दोकियाला सांगितलं. (उद्या कुणी माझं चरित्र लिहायला घेतलं तर त्याला कळावं म्हणून: दोकिया ही माझी धाकटी बहीण. वय सत्तेचाळीस, लग्न केलं नाही, माझं घर बघते.) म्हणाली, बारा होतील तेव्हा होतील, आधी कोंबड्यांच्या खुराड्याचं दार बसव.

३० एप्रिल
आराखडा काढला. एक. उरलेले अकरा डोक्यात आहेत, तिथे जास्त सुरक्षित. दुपारी झोप.

३ मे, शनिवार
पहिलं शिल्प ठरलं. लोखंडी झाड, फांद्यांवर पातेली. पातेली घरातलीच हवीत, वापरलेली, बुडाला काळी झालेली. दुकानातल्या पातेल्याला आत्मा नसतो. दोकिया भांडणार म्हणून मुद्दे तयार ठेवले होते. ती म्हणाली, ने, सगळी ने, मी शेजारून उसनी आणते. माझे मुद्दे वाया गेले. तरी दोन मांडलेच.

५ मे
ड्रिलने प्रत्येक पातेल्याच्या बुडाला भोक पाडलं. पावसाचं पाणी साचू नये म्हणून, आणि रिकामेपण म्हणून. भोकातून आभाळ दिसतं. दोकिया दाराला टेकून बघत होती. म्हणाली, दादा, आता यात सूप करायचं तर खाली दुसरं पातेलं धरावं लागेल. तिला कॉन्सेप्ट कळायला थोडा वेळ लागेल.

संध्याकाळी ती माळ्यावरून एक लाल पातेलं घेऊन आली. आईचं. मी विसरलोच होतो. पुसून लख्ख केलेलं. म्हणाली, हेही लाव, शेंड्याला. पण याला भोक पाडायचं नाही, तारेने बांध. शेंड्याला लाल ही कल्पना माझीच होती, ती फक्त आधी बोलली. तिच्याकडून एवढं कळलं की ती वीस वर्षांची असताना हे पातेलं एक पूर्ण शरद आमच्या झाडावर होतं. मग आईचे पाय गेले आणि ते उतरवलं. मी तेव्हा क्लुजला शिकत होतो. मला कुणी कळवलं नव्हतं. उत्तम माहिती आहे. कॅटलॉगला घेणे.

११ मे, रविवार
शिल्प उभं राहिलं. मी ते वर्कशॉपमागे ठेवणार होतो. दोकिया म्हणाली, तिथे कोंबड्या घाण करतील, फाटकाशी ठेव, प्रकाश चांगला पडतो. प्रकाशाचं माझ्याही मनात होतंच.

चर्च सुटलं आणि अख्खं गाव फाटकाशी थांबलं. माणसं झाडाकडे बघत होती, मग घराकडे, मग पुन्हा झाडाकडे. बायका एकमेकींना कोपरं मारत होत्या. माझ्या कामाला एवढा प्रेक्षक कधीच मिळाला नव्हता. समोरची पारास्किवा म्हातारी काठी टेकत आली आणि विचारलं, ग्रिगोर, हे लाल कुणाचं? मी सांगितलं, समस्त स्त्रीजातीचं. ती म्हणाली, समस्त स्त्रीजात तुझ्या घरात राहत नाही रे बाबा, दोकिया राहते.

या लोकांना अमूर्त कळायला अजून शंभर वर्षं.

१९ मे
वारा. शिल्प डुलतंय. दुसऱ्या शिल्पासाठी लोखंड यायचंय. मागवलं की येईल.

१ जून, रविवार
रसिक भेटला! गाव्रिल. पारास्किवाचा पुतण्या, नदीपलीकडे राहतो. बरीच वर्षं इटलीत गवंडीकाम केलं, आता मधमाश्या पाळतो. बायको वारली. टोपी हातात धरून झाडाखाली उभा होता. मी त्याला तासभर समजावलं. रिकामेपण, लोखंड, पितृसत्ता. मध्ये एकदाही बोलला नाही, यावरून माणसाची समज कळते. शेवटी दोनच प्रश्न विचारले. लाल पातेलं खरं आहे का? मी म्हटलं, सगळंच खरं आहे. त्याला भोक आहे का? म्हटलं, नाही. तो म्हणाला, मग बरं.

नेमका मुद्द्याला हात घातला. कलेतला अस्सलपणा! कुठल्याही समीक्षकाने हे विचारलं नव्हतं. मधाची बरणी आणली होती, ती दोकियाच्या हातात दिली, कारण माझे हात समजावण्यात गुंतले होते.

८ जून, रविवार
शिल्प पहाटे आडवं झालं. वाऱ्याचा दोष. गाव्रिल आला, न सांगता सिमेंट कालवलं, फाउंडेशन घातलं, झाड ओळंब्याने सरळ केलं. पैसे घेईना. कलेसाठी माणसं अजून घाम गाळतात, हे पाहून डोळे भरून आले. दोकियाने त्याला जेवू घातलं. कोबीच्या पानात गुंडाळलेले मटणाचे सरमाले! माझ्या वाढदिवसाला वाटाणे होते. विचारलं तर म्हणाली, आज सण आहे. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल होता. रोजचा काळा कुठे गेला विचारलं. धुवायला टाकलाय म्हणाली.

१५ जून
काळा रुमाल अजून धुतोच आहे.

२४ जून
आज पोरी पिवळ्या रानफुलांच्या माळा करून छपरावर फेकतात. माळ खाली पडली तर यंदा काही नाही, अडकली तर लग्न. मेलेली रीत, म्हटलं ना. सकाळी बघतो तर आमच्या धुराड्याला एक माळ अडकलेली. गावातल्या कुठल्या तरी कार्टीचा नेम चुकला असणार. दोकियाला दाखवली. ती लाल झाली. म्हणाली, राहू दे ना दादा, तुला काय टोचतेय? शिडी आणून काढणार होतो, पण शिडीची एक पायरी सैल आहे. उद्या.

२६ जून
शिडी. उद्या.

६ जुलै, रविवार
मालिका बारावरून सहावर आणली. बारा हा आकडा अंड्यांना शोभतो. सहामध्ये दर्जा राहतो.

गाव्रिल आला होता. मी झाडाखाली त्याची वाट बघत बसलो, तो स्वयंपाकघरातच थांबला. दोकिया हसत होती. किती वर्षांनी ऐकलं कोण जाणे. आत जाऊन विचारलं, काय झालं? मधमाश्यांची गोष्ट चाललीय म्हणाली. मला सांगा म्हटलं. गाव्रिलने सांगितली. राणीमाशी एका पोळ्यातून उठून दुसरीकडे जाते, एवढीच. यात हसण्यासारखं काहीच नव्हतं.

१४ जुलै
गवत कापायचे दिवस. माझी पाठ धरली आहे. मागच्या वर्षीही नेमकी याच दिवसांत धरली होती, डॉक्टरने अभ्यास करावा अशी केस आहे. गाव्रिलने आमचं सगळं गवत कापलं, रचलं, वर टोपीसारखं पेंढ्यांचं छप्परही घातलं. खिडकीतून बघताना वाटलं, या माणसाने माझ्या शिल्पाला किती जीव लावलाय! शिल्प त्यालाच अर्पण करायचं ठरवलं. दोकियाला सांगितलं तर ती म्हणाली, अर्पण नको करूस, त्याच्यासाठी घोटभर काढ. बाटली मी कुठेतरी जपून ठेवली होती. सापडली नाही.

दोकिया सिगेतच्या बाजारातून नवी पातेली घेऊन आली. ढीगभर. दोन माणसांना एवढी कशाला? म्हणाली, लागतील.

२ ऑगस्ट
उपवास सुरू. दूध नाही, मांस नाही, पंधरवडाभर. अशा पोटावर वेल्डिंग होत नाही, कलाकाराला प्रोटीन लागतं. मालिका तीन शिल्पांची. तीन हा जुना, पवित्र आकडा आहे.

१७ ऑगस्ट, रविवार
लिहायला हवं.

दुपारी गाव्रिल आला. नवा शर्ट, दाढी केलेली. बरोबर पारास्किवा म्हातारी, हातात भाकरी आणि मीठ. मला वाटलं, शिल्प विकत मागायला आलेत. मी किती वेळा नकार द्यायचा ते मनात ठरवत होतो. म्हातारी बसली आणि सरळ म्हणाली, ग्रिगोर, गाव्रिल दोकियाला मागतोय, तू घरातला मोठा, तर काय ते बोल.

मी हसलो. म्हटलं, काहीतरी गैरसमज होतोय, ते लाल पातेलं प्रतीक आहे. म्हातारी म्हणाली, बाबा, सगळीच लाल पातेली प्रतीकं असतात, नाहीतर मुलगी काय त्यात बसवून पाठवतात? मी म्हटलं, पण रीत मेलेली आहे. ती म्हणाली, मग आम्ही काय मेल्यासारखे दिसतो?

मी दोकियाकडे पाहिलं. म्हटलं, तू सांग यांना, हे कलाकृतीबद्दल बोलतायत. दोकिया म्हणाली, दादा, पातेलं मी आणलं, शेंड्याला मी लावायला सांगितलं, फाटकाशी मी ठेवायला लावलं. कलाकृती तुझी, पातेलं माझं.

मी म्हटलं, विचार करायला वेळ हवा. प्रदर्शन तोंडावर आहे, मालिका अपुरी आहे, आणि स्वयंपाकाचं काय? मालिका पूर्ण झाली की बघू. दोकिया म्हणाली, तुझी मालिका पूर्ण व्हायची वाट बघितली तर गाव्रिलला मला थेट कबरीतून उचलून न्यावं लागेल.

रीत अशी की घरच्या मोठ्याने होरिंका, म्हणजे आमच्याकडची फळांची दारू, ओतायची; ओतली की शब्द दिला. बाटली दोकियाने काढली, ती माझ्याच पलंगाखाली होती. ग्लास मांडले. मी बाटली धरून बसून राहिलो. म्हातारी म्हणाली, ओत रे, आलुबुखाऱ्याची आहे, धरून ठेवलीस म्हणून त्याचं झाड होणार नाही. गाव्रिल टोपी फिरवत होता. दोकिया माझ्याकडे बघत नव्हती, ग्लासांकडे बघत होती. तिने हात एप्रनखाली दाबून धरले होते, तरी कापत होते. या हातांना मी कधी कापताना पाहिलं नाही. आई गेली तेव्हाही नाही.

ओतली.

सगळे प्याले. मी माझा ग्लास तसाच ठेवला. मला वाईट वाटतंय. का ते नीट कळत नाही. बहुधा मालिकेमुळे.

१८ ऑगस्ट
सकाळी दोकिया शिडी लावून लाल पातेलं काढत होती. (सैल पायरी गाव्रिलने कधीच ठोकून दिली होती म्हणे.) मी धावत गेलो. सहा सप्टेंबरला क्लुजहून रुक्सांद्रा बाई येतायत, प्रदर्शनाची निवड त्याच करतात, तोवर तरी राहू दे म्हटलं. हात जोडले. ती वरूनच म्हणाली, शब्द दिल्यावर पातेलं वर ठेवलं तर गाव म्हणेल हिला अजून दुसरा हवाय. तुझ्या प्रदर्शनासाठी मी गावात तोंड लपवू का?

उतरवलं. शेंडा बोडका दिसतो.

३० ऑगस्ट
दुसरं लाल पातेलं कुठे मिळेना. सिगेतला आहेत त्यांच्यावर स्ट्रॉबेऱ्या काढलेल्या. दुधाच्या जुन्या किटलीला लाल रंग दिला. गाव्रिल बघून म्हणाला, आधी गंज घासायला हवा होता. कलेत गंजाचंही काम असतं हे त्याला समजावलं. तो हो म्हणाला. अलीकडे त्याची समज कमी झालीय असं वाटतं.

५ सप्टेंबर
रात्रभर पाऊस. रंग ओघळून फाउंडेशनवर आला. लांबून कुणाचा तरी खून झाल्यासारखं दिसतं. पाहिलं तर एक प्रकारे जास्तच प्रभावी. मालिका: एक शिल्प. एकच, पण संपूर्ण.

६ सप्टेंबर, शनिवार
रुक्सांद्रा बाई आल्या. काळे कपडे, चष्मा, थकलेला चेहरा. झाडासमोर उभ्या राहिल्या. मी वाक्य टाकलं, मृत्युलेख, लोखंड वगैरे. त्यांनी सुस्कारा सोडला. म्हणाल्या, ग्रिगोरसाहेब, काम मेहनतीचं आहे, पण पातेल्यांची झाडं माझ्याकडे आधीच नऊ आली आहेत. सगळी याच खोऱ्यातून. एकाने तर दिवे पण सोडलेत.

नऊ!

मी विचारलं, त्यांच्या पातेल्यांना भोकं आहेत का? म्हणाल्या, सातांना आहेत.

मग दोकियाने त्यांना जेवायला बसवलं. घेवड्याचं सूप, त्याच लाल पातेल्यातलं. तीनदा घेतलं. जाताना दोकियाला मिठी मारली आणि म्हणाल्या, लग्नाला बोलवा. माझ्याशी हात मिळवला.

आराम. उद्या वरच्या लोकांना तक्रारीचं पत्र लिहायचं. परवा. ते नऊ जण कोण, हे आधी शोधायला हवं.

२१ सप्टेंबर, रविवार
लग्न झालं. व्हायोलिनवाल्याने पहाटेपासून कान किटवले. दोकियाने आईचा कोट घातला होता. तिला तो बसतो हे मला माहीत नव्हतं. म्हातारी पारास्किवा नाचली. सगळे म्हणाले, ग्रिगोरच्या झाडाने जमवलं हो! पाठीवर थापा. पंधरा वर्षांत माझ्या शिल्पाचं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं, आणि मला ते नको होतं.

रीतीप्रमाणे नवरीचं सामान गाडीत भरलं. रजया, उशा, संदूक, नवी पातेली सगळी. लाल पातेलं तिने मांडीवर घेतलं. मी फाटकाशी उभा होतो. म्हटलं, एखादं तरी माझ्यासाठी ठेवशील की नाही? ती रडत होती आणि हसतही होती. म्हणाली, तुझी पातेली झाडावर आहेत की, दादा.

२३ सप्टेंबर
स्वावलंबन. बटाटे उकडायचे. झाडावरून मधलं निळं पातेलं काढलं, पाणी भरलं. चूल विझली. भोकाचं विसरलो होतो.

दुसरं काढलं. तेच.

२४ सप्टेंबर
भोकात लाकडाची खुंटी ठोकली. खुंटी जळाली.

२६ सप्टेंबर
वेल्डिंगने भोक बुजवायला गेलो. पातेल्याचं भोक बोटाएवढं होतं, ते मुठीएवढं झालं. पारास्किवा कुंपणावरून बघत होती. म्हणाली, अरे, रिकामेपण वाढलं की! चेष्टेचा सूर होता.

झाडावरची निम्मी पातेली आता जमिनीवर आहेत. पाव, चीज, कांदा. पाव, कांदा.

१ ऑक्टोबर
कोंबड्या खुराड्याबाहेर झोपतात. दार नाही ना. संध्याकाळी घरात घड्याळ ऐकू येतं. आधीही असेल.

दोकियाची आठवण येते. हे कॅटलॉगसाठी नाही.

५ ऑक्टोबर, रविवार
फाउंडेशनबद्दल गाव्रिलशी तांत्रिक चर्चा करायला नदीपलीकडे गेलो. पोचलो तेव्हा योगायोगाने त्यांची जेवणाची वेळ होती. चुलीवर लाल पातेलं रटरटत होतं. गाव्रिलने खुर्ची पुढे केली, दोकियाने न विचारता ताट वाढलं. फाउंडेशनचा विषय निघाला नाही. दोकिया म्हणाली, वाळलास. मी म्हटलं, कामाचा ताण आहे, नवी मालिका डोक्यात घोळतेय. ती म्हणाली, हो का. गाव्रिल म्हणाला, खुराड्याचं दार मी गुरुवारी येऊन बसवतो. मी नको म्हणणार होतो.

निघताना दोकियाने नव्या पातेल्यात सूप भरून वर फडकं बांधून दिलं. फाटकापर्यंत आली. पुढच्या रविवारी पातेलं घासून परत आण, जेवायलाच ये म्हणाली. मी वळल्यावर मागून पुन्हा हाक मारली. दादा, याला भोक पाडू नकोस.

नाही पाडणार म्हटलं.

घरी येऊन चुलीवर ठेवलं. बसून बघत राहिलो. एक थेंबही गळला नाही. रविवार अजून लांब आहे.